फाइल बरोबर दिसते, वस्तू चुकीची निघते: थ्रीडी मॉडेल एक्स्पोर्ट करताना स्केल, रोटेशन आणि मेश कसा सांभाळायचा?

थ्रीडी प्रिंटिंगचा किंवा थ्रीडी मॉडेलिंगचा छोटा व्यवसाय सुरू करायचा म्हटलं की सगळ्यात आधी प्रश्न येतो तो मशीनचा. कोणता प्रिंटर घेऊ, किती किमतीचा घेऊ, रोल कुठून आणू. पण पहिल्या दोन-तीन महिन्यांत पैसे जातात ते बहुतेक मशीनमुळे नाही, फाइलमुळे. स्क्रीनवर सगळं ठीकठाक दिसतं, एक्स्पोर्ट होतं, प्रिंटरवर नऊ तास चालतं आणि हातात येतो तो चुकीच्या मापाचा तुकडा. ग्राहकाला त्याच्याशी काही घेणंदेणं नसतं. त्याला वस्तू गणपतीच्या आधी हवी असते.

व्हिडिओत मी ब्लेंडर उघडून हे पटापट दाखवलं होतं. इथे तेच सावकाश, आकड्यांसकट लिहितोय, म्हणजे काम करताना बाजूला उघडून ठेवता येईल. ब्लेंडर घेतलंय कारण ते फुकट आहे आणि धंद्यासाठी वापरायला कुठलाही परवाना विकत घ्यावा लागत नाही. दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तर बटणांची नावं बदलतील, तत्त्व तेच राहील.

उदाहरण एकच घेऊ: घरगुती गणपतीचं मखर. ग्राहक म्हणतो, "मूर्ती नऊ इंची आहे, खांब बारा इंचाचे करा, डावीकडे उजवीकडे मोर, आणि वर शुभ-लाभ." २०१८ मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आली, त्यानंतर मखराचे वेगवेगळे पर्याय शोधणारे ग्राहक वाढले, त्यामुळे हे काम तुमच्याकडे येण्याची शक्यता चांगली आहे. (जाता जाता एक सांगतो. पीएलए साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. समई किंवा निरांजन खांबाला चिकटून ठेवू नका हे ग्राहकाला डिलिव्हरीच्या वेळीच सांगा.)

आधी झेरॉक्सच्या दुकानात जाऊ

तुम्ही झेरॉक्सवाल्याला ए-फोर कागद दिला आणि म्हणालात, "ए-थ्री करून दे." तो मशीनवर १४१ टक्के सेट करतो. मोठी प्रत निघते. पण तुमचा मूळ कागद? तो अजून ए-फोरच आहे. मोठेपणा कागदात नाही, मशीनच्या सेटिंगमध्ये आहे. तोच मूळ कागद घेऊन दुसऱ्या दुकानात गेलात आणि तिथलं मशीन १०० टक्क्यांवर असेल, तर ए-फोरच निघणार.

थ्रीडीमध्ये अगदी हेच होतं. मेश म्हणजे मूळ कागद: हजारो बिंदू, त्यांना जोडणारे त्रिकोण-चौकोन, आणि प्रत्येक बिंदूचा एक्स, वाय, झेड पत्ता. आणि त्या मेशच्या वर एक सेटिंग बसलेलं असतं: लोकेशन, रोटेशन, स्केल. म्हणजे कुठे ठेवलाय, किती फिरवलाय, किती ताणलाय. या तिघांना मिळून ट्रान्सफॉर्म म्हणतात. ऑब्जेक्ट मोडमध्ये तुम्ही एस दाबून खांब मोठा करता तेव्हा मेशचा एकही बिंदू हलत नाही, फक्त सेटिंग १ वरून १.५ होतं. एडिट मोडमध्ये जाऊन सगळं निवडून एस दाबलंत, तर मात्र बिंदूच हलतात आणि सेटिंग १ च राहतं. स्क्रीनवर दोन्ही अगदी एकसारखं दिसतं. गोंधळाचं मूळ इथेच आहे.

कीबोर्डवर एन दाबा. उजवीकडे पट्टी उघडते. त्यात स्केलचे तीन आकडे आणि त्याच्या खाली डायमेन्शन्स दिसतील. डायमेन्शन्स म्हणजे मोठी झालेली प्रत, स्केल म्हणजे मशीनवरचे टक्के. तिन्ही आकडे १.००० असतील तर मूळ कागद आणि प्रत एकच. नसतील तर थांबा.

आणि ते १ करायचे कसे? ऑब्जेक्ट निवडा, कंट्रोल आणि ए दाबा, "रोटेशन अँड स्केल" निवडा. याला अप्लाय करणं म्हणतात. मोठी प्रत आता मूळ कागद झाली. डायमेन्शन्स बदलत नाहीत, फक्त सेटिंग शून्यावर किंवा एकावर येतं.

मग एसटीएलमध्ये माप बरोबर का येतं?

हुशार वाचक इथे विचारेल: मी तर कधीच अप्लाय केलं नाही, तरी माझे प्रिंट बरोबर मापाचे आले, ते कसे?

बरोबर आहे. कारण सगळे फॉरमॅट सारखे वागत नाहीत. एसटीएल हा १९८० च्या दशकातला फॉरमॅट, थ्रीडी सिस्टिम्स कंपनीच्या स्टिरिओलिथोग्राफी मशीनसाठी बनलेला. त्यात त्रिकोणांशिवाय जवळजवळ काहीच नसतं. रंग नाही, नावनिशाणी नाही, ट्रान्सफॉर्म लिहायला जागाच नाही. त्यामुळे ब्लेंडर एक्स्पोर्ट करताना स्केल आणि रोटेशन बिंदूंमध्ये मिसळूनच लिहितो. म्हणजे दुकानदाराला तुम्ही थेट मोठी प्रतच देता. ओबीजेचंही तसंच.

जीएलटीएफ आणि एफबीएक्स मात्र मूळ कागद आणि सोबत चिठ्ठी देतात: "हा घ्या कागद, १४१ टक्के करा, नव्वद अंश फिरवा." समोरच्या सॉफ्टवेअरने चिठ्ठी नीट वाचली तर ठीक. अर्धवट वाचली, किंवा त्याने स्वतःची चिठ्ठी वरून चिकटवली, तर खांब आडवा पडतो नाहीतर शंभरपट होतो.

म्हणून फक्त प्रिंटिंगचं काम करणाऱ्याला अप्लाय न करण्याची सवय लागते आणि ती खपून जाते. पुढे एखादा फर्निचरवाला म्हणतो, "वेबसाइटवर फिरवून बघता येईल असं मॉडेल द्या," तेव्हा ती सवय महागात पडते. आणि खरं सांगायचं तर प्रिंटिंगमध्येही ती पूर्ण खपत नाही.

मॉडिफायर हिशोब कुठला धरतात

तुम्ही खांबाचा पोकळ डबा केला आणि सॉलिडिफाय मॉडिफायरने भिंतीला २ मिलिमीटर जाडी दिली. नंतर ग्राहकाने उंची वाढवायला सांगितली, तुम्ही ऑब्जेक्ट मोडमध्ये फक्त झेडमध्ये तिप्पट ताणलं. मॉडिफायर हिशोब करतो तो मूळ कागदावर, ताणण्याआधीच्या मेशवर. त्यामुळे उभ्या भिंती २ मिलिमीटरच राहतात, पण तळ आणि वरचं झाकण ६ मिलिमीटर होतं. प्रिंटचा वेळ वाढला, मटेरियल वाढलं, आणि तुम्ही कोटेशन तर २ मिलिमीटरच्या हिशोबाने दिलेलं.

बेव्हलचं तेच. कडा गोल करायला बेव्हल दिला आणि स्केल तिन्ही दिशांना वेगवेगळं असेल, तर एका बाजूची कड छान गोल आणि दुसऱ्या बाजूची ओढल्यासारखी दिसते. नवशिका माणूस बेव्हलचे आकडे बदलत बसतो. दोष बेव्हलचा नसतो, स्केलचा असतो. कंट्रोल-ए, स्केल, संपलं.

इथे एक सावधगिरी. मॉडिफायर आधीच लावलेला असताना स्केल अप्लाय केलं, तर डोळ्यांसमोर आकार बदलेल, कारण आता हिशोब नव्या मेशवर होतो. घाबरू नका, जाडी आणि बेव्हलचे आकडे पुन्हा बघा. म्हणूनच माझा आग्रह असतो की मॉडेलचा ढोबळ आकार ठरला की लगेच स्केल अप्लाय करा, मॉडिफायर त्यानंतर.

युनिट: मिलिमीटर दिसतात, पण असतात का?

सगळ्यात जास्त फाइली इथे बिघडतात, म्हणून इथे जरा थांबू.

एसटीएलमध्ये युनिट नसतं. नुसते आकडे असतात. फाइलमध्ये ५० लिहिलं असेल तर ते ५० मिलिमीटर, ५० इंच की ५० मीटर, हे फाइल सांगत नाही. स्लायसर गृहीत धरतो की मिलिमीटर. ब्लेंडर मात्र नवीन फाइल उघडल्यावर १ युनिट म्हणजे १ मीटर धरतो.

आता बारा इंची खांब. १२ गुणिले २५.४ म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. तुम्ही सीन प्रॉपर्टीजमध्ये गेलात, लेंग्थच्या जागी मिलिमीटर निवडलं, खांबाची उंची ३०४.८ टाकली. स्क्रीनवर "३०४.८ मिमी" दिसतंय. समाधान वाटलं. पण तुम्ही बदललंय ते फक्त दाखवणं. आत ब्लेंडरने ०.३०४८ च साठवलंय, कारण युनिट स्केल अजून १ आहे, म्हणजे मीटर. एसटीएलमध्ये ०.३०४८ गेलं, स्लायसरने ते मिलिमीटर समजलं, आणि बेडवर काहीच दिसत नाही. तांदळाच्या कणीपेक्षा लहान खांब!

यातून दोन रस्ते आहेत. एक, काम सुरू करण्याआधीच युनिट स्केल ०.००१ करा आणि लेंग्थ मिलिमीटर. आता १ युनिट म्हणजे खरोखर १ मिलिमीटर, फाइलमध्ये ३०४.८ च जाईल. अशा वेळी एसटीएल एक्स्पोर्टच्या खिडकीत "सीन युनिट" ची खूण करू नका, नाहीतर तो पुन्हा हजाराने भागेल. दुसरा रस्ता, सगळं मीटरमध्येच ठेवा आणि एक्स्पोर्ट करताना स्केल १००० द्या. फक्त प्रिंटिंग करणार असाल तर पहिला बरा. वेबसाइट आणि एआरचंही काम घेणार असाल तर दुसरा, कारण जीएलटीएफच्या नियमाप्रमाणे १ युनिट म्हणजे १ मीटर, आणि मिलिमीटरच्या फाइलमधून आकडा तसाच गेला तर ग्राहकाच्या हॉलमध्ये ३०४ मीटर उंचीचा खांब उभा राहील. कुठलाही निवडा, पण दुकानात एकच ठेवा. कामाला माणूस ठेवाल तेव्हा त्यालाही पहिल्या दिवशी हेच सांगा.

अर्धं काम झाल्यावर युनिट स्केल बदलू नका. सगळी दिसणारी मापं एका फटक्यात हजारपट इकडेतिकडे होतात.

काही स्लायसर हुशारी करतात. प्रुसास्लायसर फार छोटी वस्तू आली तर विचारतो, "हे मीटरमध्ये आहे का, इंचात आहे का, बदलू का?" क्युरामध्ये फार लहान मॉडेल आपोआप मोठं करायचं सेटिंग आहे. सोय चांगली, पण तो शेवटी अंदाज आहे. ग्राहकाने १२ इंचाचा खांब इंचात काढून पाठवला तर फाइलमध्ये आकडा १२. बारा मिलिमीटरचा खांब ही काही अशक्य वस्तू नाही, एखादं पेंडंट असू शकतं. सॉफ्टवेअरला कसं कळणार?

म्हणून दुसऱ्याची फाइल घेऊन प्रिंट करून देण्याचं काम, म्हणजे जॉबवर्क, करत असाल तर एक पद्धत लावून घ्या. फाइल आली की स्लायसरमध्ये उघडा, लांबी-रुंदी-उंची दिसेल असा स्क्रीनशॉट काढा, ग्राहकाला व्हॉट्सॲपवर पाठवा: "उंची ३०४.८ मिमी म्हणजे १२ इंच येते आहे, बरोबर ना?" त्याचा "हो" आल्यावरच ॲडव्हान्स आणि मग प्रिंट. पुढे वाद झाला तर तो "हो" तुमच्या बाजूने उभा राहतो. शक्य असेल तर थ्रीएमएफ फाइल मागा. त्यात युनिट फाइलमध्येच लिहिलेलं असतं.

"जरा दहा टक्के मोठं करा"

ग्राहकाचं आवडतं वाक्य. आणि नवा उद्योजक बिलही दहा टक्क्यांनीच वाढवतो!

समजा १२ इंची एका खांबाला १८० ग्रॅम मटेरियल लागतं आणि तुमचा दर ग्रॅमला ५ रुपये आहे. ९०० रुपये झाले. तिन्ही दिशांना १.१ स्केल केलं तर घनफळ १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे १.३३१ पट. पूर्ण भरीव वस्तू असेल तर वजन जवळपास २४० ग्रॅम, म्हणजे १,२०० रुपये. पण आपण भरीव प्रिंट करत नाही. बाहेरच्या भिंतीची जाडी स्लायसरमध्ये ठरलेली असते, ती स्केलबरोबर वाढत नाही, फक्त तिचं क्षेत्रफळ वाढतं, म्हणजे १.२१ पट. आतली जाळी घनफळाप्रमाणे वाढते. त्यामुळे खरं वजन २१८ आणि २४० ग्रॅमच्या मध्ये कुठेतरी येईल. चार खांब असतील तर दहा टक्क्यांच्या हिशोबाने तुम्ही साधारण ४०० ते ८४० रुपये सोडून दिले, आणि मशीनचे तास वेगळेच. तोंडी आकडा देऊ नका. स्केल बदललं की पुन्हा स्लाइस करा, वजन आणि वेळ बघा, मग सांगा.

पैशांपेक्षाही मोठी भानगड सांध्यांची. नेहमीच्या प्रिंटरचा बेड २२० बाय २२० आणि उंची २५० मिलिमीटर. ३०४.८ चा खांब त्यात उभा बसत नाही, म्हणून १५२.४ चे दोन तुकडे. जोडायला खालच्या तुकड्यावर ८ मिलिमीटरची खुंटी, वरच्यात ८.४ चं भोक. ही ०.४ ची मोकळीक तुम्ही दोन-तीन प्रयोग करून ठरवलेली. आता दुसरा ग्राहक म्हणाला, "हेच डिझाइन सहा इंचात द्या." सगळं निवडून ०.५ स्केल केलं की खुंटी ४ ची, भोक ४.२ चं, मोकळीक ०.२. खुंटी आत जाणार नाही, घासत बसावं लागेल. मोराच्या पिसाच्या रेघा ०.८ वरून ०.४ झाल्या, म्हणजे नेहमीच्या ०.४ च्या नॉझलच्या एका रेघेएवढ्या. त्यातल्या काही स्लायसर गाळूनच टाकेल.

फक्त उंची ताणली तर वेगळीच गंमत. झेडमध्ये १.३ केलं की बाजूच्या भिंतीतलं ८.४ चं गोल भोक ८.४ बाय १०.९२ चं अंडाकृती होतं. दिव्याची वायर जायची असेल तर चालेल, स्क्रू बसवायचा असेल तर नाही.

उपाय असा की नक्षी आणि सांधा वेगळे ठेवा. नक्षीचा भाग हवा तसा स्केल करा, अप्लाय करा, आणि त्यानंतर खुंटी आणि भोक त्यांच्या ठरलेल्या मापात नव्याने जोडा. बुलियन मॉडिफायरने भोक पाडत असाल तर कापणारा सिलिंडर नक्षीबरोबर स्केल होऊ देऊ नका. जरा जास्तीचं काम आहे, पण सहा, बारा आणि पंधरा इंच अशा तीन मापांत तेच डिझाइन विकता येतं.

आरशातला खांब

डावा खांब तयार आहे. उजवा करायला सगळे एकच युक्ती करतात: कॉपी, आणि एक्समध्ये स्केल उणे १. मोर दुसरीकडे तोंड करतो. एन पट्टीत स्केल −१.००० दिसतं.

मेशच्या प्रत्येक पृष्ठाला एक बाहेरची बाजू असते. ती ठरते बिंदू कुठल्या क्रमाने जोडलेत त्यावरून: बाहेरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने. आरशात घड्याळ उलटं फिरतं, त्यामुळे उणे स्केलमध्ये हा क्रमही उलटतो. ब्लेंडर दाखवताना सांभाळून घेतो. पण अप्लाय केल्यावर किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर आत-बाहेर उलटं झालेलं असू शकतं. गेमच्या किंवा वेबच्या सॉफ्टवेअरमध्ये खांबाची पुढची बाजू गायब होऊन आतली भिंत दिसते. स्लायसर बऱ्याचदा दुरुस्त करून घेतो, पण गुंतागुंतीच्या मेशमध्ये तो भरीव भाग पोकळ समजू शकतो.

ओव्हरलेमध्ये जाऊन "फेस ओरिएंटेशन" चालू करा. बाहेरून लाल दिसलं की ती बाजू उलटी. एडिट मोडमध्ये सगळं निवडून शिफ्ट आणि एन दाबा, बाहेरची बाजू नव्याने मोजली जाते. मग पुन्हा एकदा नजर टाका. हे पाच सेकंदांचं काम आहे.

पण एक चूक शिफ्ट-एनने सुटत नाही, आणि ती ग्राहकाला लांबूनसुद्धा दिसते: अक्षरं. डाव्या खांबावर "शुभ" कोरलंय आणि खांब आरशात फिरवला, तर उजव्यावर "लाभ" तर येत नाहीच, उलटं "शुभ" येतं! अक्षरं नेहमी वेगळं ऑब्जेक्ट ठेवा आणि आरसा झाल्यावर लावा. नावाच्या पाट्या करणाऱ्यांनी तर हे भिंतीवर लिहून ठेवावं.

मिरर मॉडिफायर वापरत असाल तर तो ऑब्जेक्टच्या ओरिजिनपासून आरसा धरतो, त्या नारिंगी ठिपक्यापासून. म्हणूनच मी वर "रोटेशन अँड स्केल" म्हणालो, "ऑल ट्रान्सफॉर्म्स" नाही. ऑलमध्ये लोकेशनही अप्लाय होतं, ओरिजिन थेट सीनच्या मध्यबिंदूवर जातो आणि आरसा दुसऱ्याच जागी उभा राहतो. लोकेशन अप्लाय करायची गरज क्वचितच पडते.

एकसारख्या वस्तूंचं काम

मखराच्या कमानीला बारा एकसारख्या कळ्या आहेत. ऑल्ट आणि डीने प्रती काढल्या की सगळ्या एकाच मेशवर चालतात: एक बदलली की बाराही बदलतात. फार सोयीचं आहे. पण यातल्या एकीवर स्केल अप्लाय करायला गेलात की ब्लेंडर अडवतो, मेश अनेक जण वापरतायत म्हणून. बरोबरच आहे त्याचं. मूळ कागद एक आणि बारा जणांनी वेगवेगळे टक्के लावलेत, कुणाचे कागदात उतरवायचे?

ऑब्जेक्ट मेनूत रिलेशन्स, त्यात मेक सिंगल युजर, त्यात "ऑब्जेक्ट अँड डेटा". प्रत्येकीला आपापला मेश मिळतो, मग अप्लाय होतं. मात्र त्यानंतर एक बदलून बाराही बदलायची सोय गेली. त्यामुळे हे ग्राहकाने डिझाइन पक्कं केल्यावर, आणि फाइलची प्रत काढूनच.

प्रतीवरून आठवलं, फाइली दोनच ठेवा. एक "मूळ", जिच्यात मॉडिफायर, जोडलेल्या कळ्या, सगळं जिवंत आहे. दुसरी "एक्स्पोर्ट", जिच्यात सगळं अप्लाय केलेलं. पुढच्या वर्षी तोच ग्राहक "यंदा मोराऐवजी हत्ती करा" म्हणत येईल तेव्हा पहिली उघडायची. फाइलच्या नावात माप आणि युनिट लिहा: "खांब-डावा-खालचा-१५२.४मिमी". "फायनल-फायनल-२" नको.

आडवा पडलेला खांब

ब्लेंडरमध्ये वरची दिशा झेड. स्लायसरमध्येही झेड. म्हणून एसटीएल उभं येतं. ओबीजे एक्स्पोर्ट करताना मात्र ब्लेंडरचं ठरलेलं सेटिंग "अप: वाय" असतं, आणि स्लायसरमध्ये खांब झोपलेला दिसतो. हाताने उभा करता येतो, पण एक्स्पोर्टच्या खिडकीत फॉरवर्ड वाय आणि अप झेड केलं की कटकट मिटते.

जीएलटीएफमध्ये वरची दिशा वाय. ब्लेंडरच्या एक्स्पोर्टमध्ये "प्लस वाय अप" ची खूण आधीच असते, ती काढू नका. युनिटीमध्येही वर वाय, पण तिथली मांडणी डाव्या हाताची. अनरियलमध्ये वर झेड आणि माप सेंटिमीटरमध्ये. एफबीएक्समधून युनिटीत गेलेल्या मॉडेलच्या रोटेशनमध्ये उणे ९० आणि स्केलमध्ये १०० दिसलं तर त्याचं कारण हेच. गेमवाल्या ग्राहकाला ते आवडत नाही. एफबीएक्स एक्स्पोर्टमध्ये "अप्लाय स्केलिंग्ज" च्या जागी "एफबीएक्स ऑल" निवडून बघा. तिथेच "अप्लाय ट्रान्सफॉर्म" नावाची एक खूण आहे, तिच्यासमोर धोक्याचं चिन्हही आहे. हाडं किंवा ॲनिमेशन असलेल्या मॉडेलवर ती लावू नका, हालचाल बिघडते. तसंच, कॅरेक्टरला हाडं बसवल्यावर स्केल अप्लाय करणं म्हणजे शिवलेल्या शर्टाचं कापड पुन्हा कापणं. जे करायचं ते हाडं बसवण्याआधी.

एका ऑब्जेक्टला दुसऱ्याचा पॅरेंट केला असेल तर पॅरेंटचं स्केल आधी १ करा. पॅरेंट एकाच दिशेने ताणलेला आणि त्याच्याखालची वस्तू तिरकी फिरवलेली असेल, तर ती वस्तू तिरपी ओढली जाते. लोकेशन, रोटेशन आणि स्केल या तिघांत तो तिरपेपणा लिहिताच येत नाही, त्यामुळे नातं तोडलं किंवा दुसरीकडे नेलं की आकार बदलतो.

वेब आणि एआरसाठी ओरिजिन वस्तूच्या तळाच्या मधोमध आणा आणि तळ शून्य उंचीवर ठेवा. ग्राहक मोबाइलवर मखर टेबलावर ठेवून बघतो तेव्हा ते त्या शून्य उंचीवर टेकतं. ओरिजिन आणि शून्य मखराच्या मध्यात राहिले तर अर्धं मखर टेबलाच्या आत बुडतं.

पाठवण्याआधी

एक्स्पोर्ट झालेली फाइल स्वतः परत उघडा. ब्लेंडरची कोरी फाइल घ्या, एक्स्पोर्ट केलेली त्यात इम्पोर्ट करा, एन दाबा. एसटीएल असेल तर डायमेन्शन्समध्ये "३०४.८ मी" असं दिसेल. घाबरू नका, कोरी फाइल मीटरमध्ये आहे, तुम्ही फक्त आकडा वाचायचा. जीएलटीएफ असेल तर मात्र ०.३०४८ मीटरच दिसायला हवं. फेस ओरिएंटेशन चालू करून लाल कुठे आहे का बघा, अक्षरं वाचून बघा, खांब उभा आहे ना बघा.

आणि नऊ तासांचं प्रिंट लावण्याआधी फक्त सांध्याचा भाग, खुंटी आणि भोक असलेला दोन-दोन सेंटिमीटरचा तुकडा, वेगळा कापून प्रिंट करा. खुंटी भोकात हाताने बसली की मोठं काम लावा. स्लायसरमधून मिळणारे वजन आणि वेळेचे आकडे घेऊन कोटेशन कसं लिहायचं, ते पुढच्या व्हिडिओत बघू.